पिंपवाल्यांच्या गल्लीतल्या वेंडेलाबाई

वेंडेलाबाई आमच्या गल्लीत आल्या त्या लुडेकेची बायको म्हणून. लुडेके पिंपं बनवायचा. ती सगळी गल्लीच पिंपवाल्यांची होती. आमचं घर तेवढं दोर वळणाऱ्याचं, आणि तेही अगदी कडेला, कारण दोर वळायला लांबलचक मोकळी जागा लागते. हेरिंग माशांचा हंगाम आला की हातोड्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. अशा ठिकाणी मठातून आलेली, हळू बोलणारी बाई. माझी आई सांगायची, कितीतरी दिवस गल्लीतल्या बायकांना ती मुकीच वाटत होती.

मठातून आल्या म्हणजे त्या नन नव्हत्या. त्यांचा बाप मिठागरावर कामाला होता. पोरीच्या लग्नाचं काही जमणार नाही हे त्याला ती लहान असतानाच कळलं, म्हणून त्याने तिला मठाच्या धोबीखान्यात सोडून दिलं. मठात मुलींची शाळा होती. पण ती ज्यांच्या बापांनी मठाला जमीन दिली त्यांच्या मुलींसाठी. धोबीखान्यातल्या पोरींनी राखेच्या पाण्यात चादरी उकळायच्या, नदीवर नेऊन बडवायच्या, आणि शाळेच्या खिडकीखालून जाताना पावलं वाजवायची नाहीत, एवढंच.

कपड्यांच्या कोठीवर सिस्टर गेरबुर्ग नावाची म्हातारी नन होती. तिच्या डोळ्यांवर पडदा वाढत चालला होता. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण प्रार्थनेला स्तोत्रं वाचता येत नाहीत म्हटल्यावर तिची देवापुढची जागा गेली असती आणि तिला आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन बसवलं असतं. तिने ही धोबीखान्यातली पोर हाताशी धरली. कोठीत चादरींच्या ढिगाआड पुस्तक उघडायची आणि विचारायची, "इथे काय दिसतं? काठी उभी आहे की वाकलेली? पोट उजवीकडे आहे की डावीकडे?" पोर सांगायची, आणि म्हातारी त्या आकाराचं नाव घ्यायची. असं करत करत पोरीला अक्षरं आली. आधी लॅटिन, ज्यातलं तिला काहीच कळत नव्हतं. मग मठातल्या एका जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकातून आपली बोली. तिला शिकवावं असं म्हातारीच्या मनात होतं की नाही, देव जाणे. तिला डोळे हवे होते.

म्हातारी गेली तेव्हा वेंडेला तिच्या उशाशी बसून स्तोत्रं वाचत होती. मठाच्या मुख्य बाईंनी दारातून ते ऐकलं. त्या रागावल्या नाहीत. कोणी शिकवलं ते विचारलं, तिने खरं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना उद्या कळलं की धोबीखान्यातही वाचायला शिकवतात, तर त्यांना मी काय सांगू?" महिनाभरात मठाला पिंपं पुरवणाऱ्या लुडेकेशी तिचं लग्न लावून दिलं.

लुडेके चांगला माणूस होता असं सगळेच म्हणतात. बायकोला वाचता येतं याचं त्याला आधी हसू यायचं, नंतर थोडा अभिमान वाटायचा. घरात पुस्तक नव्हतंच, तेव्हा वाचणार काय? पिंपांवरचे शिक्के, चर्चच्या भिंतीवरची संतांची नावं, थडग्यांवरचे दगड. दोन मुलं झाली, टालेके आणि एक मुलगा. मग ती मोठी मरी आली. आमच्या गल्लीतली निम्मी दारं बंद झाली ती परत उघडलीच नाहीत. लुडेके गेला, मुलगा गेला. बाई आणि टालेके राहिल्या.

शाळा सुरू झाली ती माझ्या आईमुळे. माझी आई मेट्टे बंदरावर हेरिंग भरायची. मासे चिरायचे, आतडी काढायची, एक थर मासा, एक थर मीठ, असं पिंप भरायचं. पिंप भरलं की मुकादम झाकणावर भरणारीचं नाव कोरायचा. पिंपं ल्यूबेकच्या बाजाराला जायची. तिथे एखाद्यात मासा कुजलेला निघाला की झाकण परत यायचं, मुकादम हेनेके सगळ्यांसमोर ते हातात घेऊन नाव वाचायचा, आणि त्या बाईचं काम हंगामभर बंद. आईचं नाव दर हंगामात निघायचं. आईसारखं मीठ दाबून भरणारी बाई धक्क्यावर दुसरी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण झाकणावर नाव आहे म्हटल्यावर बोलणार काय?

एका हिवाळ्यात आई मला घेऊन वेंडेलाबाईंकडे गेली. म्हणाली, "हिला बाकी काही नको. माझं नाव तेवढं ओळखता आलं पाहिजे."

बाईंनी लुडेकेच्या दुकानातली पातळ फळी घेतली, तिच्यावर मेणबत्त्यांच्या उरलेल्या मेणात काजळी मिसळून थर दिला, आणि खिळ्याने त्यात अक्षरं काढली. मेट्टे. मी तो खिळा धरून दिवसभर तेच गिरवत बसले. मग माझं नाव, आबेले. मग गल्लीतल्या बायकांची नावं. बाई ओरडायच्या नाहीत. चुकलं की बोटाने मेण सपाट करायच्या आणि फळी परत आपल्या हातात द्यायच्या. टालेके माझ्याहून थोडी मोठी. ती शेजारी बसून माझा हात धरून दाखवायची आणि माझ्या वाकड्या अक्षरांना "खेकडे" म्हणायची.

पुढच्या हंगामात हेनेकेने झाकण उचलून "मेट्टे" म्हटलं. आईने मला पुढे केलं. मी झाकण पाहिलं आणि म्हटलं, "आई, हे तुझं नाव नाहीये. इथे वोबेके लिहिलंय."

वोबेके म्हणजे हेनेकेची बहीण. मागून कोणीतरी बाई हसली, आणि मग सगळ्याच हसल्या. हेनेकेही हसला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हुशार आहे हो तुझी पोरगी, मेट्टे." त्याच्या हाताला खारट वास येत होता. तो वास मला अजून आठवतो.

त्या हिवाळ्यात बाईंच्या घरात बसायला जागा उरली नाही. हेरिंग भरणाऱ्या बायकांच्या मुली, पिंपवाल्यांची मुलं, एका आंधळ्या वादकाचा नातूसुद्धा. कोणी लाकडाचा तुकडा आणायचा, कोणी कोबी, कोणी सुका मासा. आम्ही त्यांना बाई म्हणायचो, आणि हळूहळू गल्लीतली म्हातारी माणसंही बाई म्हणायला लागली. त्या आम्हाला नावं शिकवायच्या, आणि ज्यांना नावं आली त्यांना आपल्या बोलीतली प्रार्थना.

हेनेके मोठ्या चर्चमध्ये गेला. त्याने पिंपांचा विषय काढला नाही. एक विधवा बाई परवानगीशिवाय मुलामुलींना एकत्र बसवून प्रार्थना शिकवते, आणि कोणत्या पुस्तकातून शिकवते ते कोणी पाहिलेलं नाही, एवढंच सांगितलं.

गावातलं शिकवणं सगळं फादर एकबर्ट यांच्या ताब्यात होतं. शाळा एकच, चर्चची; तिथे मुलगे लॅटिन शिकत आणि मोठ्या सणांना गात. फादरांच्या सहीशिवाय गावात कोणी 'अ' सुद्धा शिकवू शकत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्याने स्वतःच्या कोठारातलं धान्य लोकांना वाटलं होतं, माझ्या वडिलांनी ते खाल्लं होतं.

बाईंना बोलावणं आलं. आई आणि आणखी काही बायका बरोबर गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आत झालेलं बोलणं आईने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे उभी होते असं वाटतं.

फादरांनी विचारलं, "तुला शिकवायला कोणी सांगितलं?"

"पोरींच्या आयांनी, फादर."

"गावात शाळा आहे."

"तिथे मुली घेत नाहीत. पिंपवाल्यांची पोरंही घेत नाहीत."

"घेत नाहीत, कारण त्यांना गरज नाही. आज या पोरी नाव वाचतील, उद्या प्रार्थना वाचतील, परवा येऊन मला विचारतील, हे असं का लिहिलंय म्हणून."

बाई म्हणाल्या, "विचारलं तर सांगाल ना, फादर?"

आई म्हणायची, ते उलट उत्तर नव्हतंच. बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण फादरांचा चेहरा बदलला. उद्यापासून बंद, म्हणाले, आणि हात हलवून जायला सांगितलं.

शाळा बंद झाली. मुलगे यायचे थांबले. मुलींना बाईंनी सांगितलं की आता आपण शिवण शिकायचं. फळ्या जमिनीवर ठोकलेल्या लाकडी पाटांखाली गेल्या आणि आमच्या हातात जाड कापडाचे तुकडे आणि सुया आल्या. आधी मला वाईट वाटलं. मग पहिल्याच दिवशी बाईंनी निळ्या दोऱ्याने एक टाका घातला, वाकवला, पोट काढलं, आणि माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या नावातलं अक्षर होतं.

आम्ही कितीतरी हिवाळे असं शिवलं. कोणी दारावर आलं की काठाला वेलबुट्टी आणि मध्ये फूल दिसायचं. अक्षरं त्या वेलीच्या पानांतून काढलेली. टालेके मोठी झाली, तीच आम्हाला शिकवायला लागली. बाईंसारखी ती हळू बोलणारी नव्हती. तिचं लग्न मार्क्वार्ड नावाच्या खलाशाशी झालं, पण ती राहिली बाईंजवळच, कारण मार्क्वार्ड वर्षातला बराच काळ बर्गनच्या फेऱ्यांवर असायचा. मला तोवर निम्म्याहून जास्त अक्षरं आली होती. आम्ही ती क्रमाने शिकत नव्हतो. गल्लीत जी नावं होती त्यांतली अक्षरं आधी, जी नव्हती ती नंतर कधीतरी.

वोबेकेची मुलगीही यायची. कोणी तिला नको म्हटलं नाही, बाईंनी तर नाहीच. तिने शिवलेलं कापड सणाला मामाच्या घरी नेलं, दाखवायला. तिचा तो मामा हेनेके. त्याला वाचता येत होतं.

चर्चचे शिपाई भरदुपारी आले. आम्ही सगळ्या बसलेल्या होतो. त्यांनी एकेकीच्या मांडीवरून कापड उचललं आणि गोणीत टाकलं. जमिनीचे पाट उचकटून फळ्या काढल्या, त्या गुडघ्यावर मोडल्या. मेणाचे तुकडे जमिनीवर पडले. एका शिपायाने ते वेचून खिशात घातले, घरी मेणबत्तीला होतील म्हणून. टालेके मध्ये आली. तिला म्हणाले, तू कोण? ती म्हणाली, "मीही शिकवते. लिहून घ्या. लिहिता येत असेल तर." बाईंनी तिचा दंड धरला, पण बोलून झालं होतं.

पुढच्या रविवारी मोठ्या चर्चमध्ये घंटा वाजवली, फादर एकबर्टनी दोघींची नावं घेतली, आणि हातातल्या जळत्या मेणबत्त्या जमिनीवर टाकून विझवल्या. मी आईला चिकटून उभी होते. विझलेल्या वातींचा धूर आमच्यापर्यंत आला. त्या दिवसापासून त्या दोघी वाळीत. त्यांना चर्च नाही, पापाची कबुली नाही, मरताना लावायचं शेवटचं तेल नाही. जो त्यांच्याशी बोलेल, त्यांना विकेल, त्यांच्या चुलीतला विस्तव घेईल, तोही त्यांच्याबरोबर.

माणसं लगेच बदलली नाहीत. भाकरीवाला आधी मागच्या दाराने द्यायचा. आई खिडकीच्या कट्ट्यावर मासा ठेवून यायची. मग हेनेकेने धक्क्यावर सहज बोलल्यासारखं सांगितलं की ज्या बायका त्या घराकडे जातात त्यांच्या हातचे मासे ल्यूबेकचे व्यापारी घेणार नाहीत. भाकरीवाल्याला त्याच्या संघटनेने समज दिली. माझे वडील आईला म्हणाले, आपल्यालाही पोरंबाळं आहेत. ज्या आयांनी पोरी आणून बसवल्या होत्या त्याच आया आता त्या दारासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने चालायला लागल्या.

बाई पहिल्याच आठवड्यात जाऊन फादरांच्या पाया पडल्या असत्या. टालेकेने जाऊ दिलं नाही. तिला दिवस गेले होते. ती म्हणायची, वसंतात मार्क्वार्डचं जहाज येईल, आपण तिघं आणि बाळ ल्यूबेकला जाऊ, तिथे आपल्याला कोण ओळखतंय? तोवर कळ काढायची. त्या हिवाळ्यात समुद्र धक्क्यापर्यंत गोठला होता. दोघींनी लुडेकेच्या दुकानातली उरलेली लाकडं जाळली, मग दुकानाच्या फळ्या.

टालेकेला कळा वेळेच्या आधी सुरू झाल्या. संध्याकाळ व्हायला आली होती. वेंडेलाबाई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रस्त्यावर आल्या आणि सुईण इल्सेबेच्या दारावर उभ्या राहिल्या. गल्लीत सगळी दारं थोडी थोडी उघडली, पण बाहेर कोणी आलं नाही.

इल्सेबे उंबऱ्यातूनच म्हणाली, "वेंडेला, मी आले तर उद्यापासून मला कोण बोलावणार? आणि माझ्या हातचं पोर बाप्तिस्म्याला कोण घेणार? तू शहाणी आहेस, तूच सांग."

"ती तुझ्याच हातावर जन्मलीय, इल्सेबे."

"माहितेय मला," इल्सेबे म्हणाली, आणि तिने दार लावलं.

आईने शाल घेतली. वडील दारात हात आडवा धरून उभे होते. ती त्यांच्या हाताखालून वाकून गेली. पण आईला येत होतं ते चार पोरं जन्माला घातलेल्या बाईला येतं तेवढंच. मूल आडवं होतं. पहाटे आई परत आली, बादलीतल्या बर्फाचा थर फोडून तिने हात धुतले, आणि चुलीपुढे बसली. टालेके गेली होती. मूल रडलंच नव्हतं. मुलगी होती.

नंतर एकदा इल्सेबे आईला म्हणाली, आडवं होतं तर मला फिरवता आलं असतं. त्यानंतर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत.

वाळीत मेलेल्याला चर्चच्या आवारात जागा नसते. थडगी खणणाऱ्या फावडंवाल्याने सांगितलं, वेशीबाहेर, जिथे मेलेली गुरं टाकतात तिथे चालेल. बाईंनी टालेकेला दुकानाच्या उघड्या छपराखाली ठेवलं. थंडी इतकी होती की त्याने काही बिघडत नव्हतं. मग त्या फादर एकबर्टकडे गेल्या, एकट्या. त्या काय बोलल्या ते कोणाला माहीत नाही. फादरांनी अट घातली आणि त्यांनी ती मान्य केली.

रविवारी सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांपुढे जमलं. बाई अनवाणी उभ्या होत्या, अंगावर नुसता सदरा. फादरांनी शपथ लिहून आणली होती: मी पुन्हा कधी कोणाला हाताने, तोंडाने, दोऱ्याने वा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने अक्षर शिकवणार नाही, दाखवणार नाही, सांगणार नाही. अशा वेळी रीत अशी की पाद्री एकेक वाक्य म्हणतो आणि माणूस ते त्याच्यामागून म्हणतो. फादरांनी कागद दोघांच्या मध्ये धरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनीच वाचायला सुरुवात केली.

त्या थांबल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. त्यांचा आवाज तसाच हळू होता, पण तिथे इतकी शांतता होती की मागच्या माणसालाही ऐकू गेलं. गावातल्या बहुतेकांनी बाईमाणसाला वाचताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. चर्चच्या शाळेतले मुलगे रांगेत उभे होते, त्यांचे मास्तर त्यांच्यापुढे. मास्तरांनी मान खाली घातली होती. वाचून झाल्यावर बाईंनी पवित्र पुस्तकावर हात ठेवला. फादरांनी त्यांना आत घेतलं.

टालेकेला आवाराच्या भिंतीलगत जागा मिळाली, पण भिंतीच्या आत. बाळाला बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्याला भिंतीच्या बाहेर. मधे एक हात जाडीचा दगड. मार्क्वार्ड वसंतात आला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला, आणि पुढच्या जहाजाने गेला. तो नंतर कोणाला दिसला नाही.

वेंडेलाबाई पुन्हा कपडे धुवायला लागल्या. लहानपणी शिकलेलं तेच काम. राखेचं पाणी, उकळतं पातेलं, नदी. लोक आता त्यांच्याशी बोलत होते, त्यांना विस्तव देत होते, सणाला खीरही नेऊन देत होते. आपल्या मनावरचं काहीतरी उतरल्यासारखे सगळे त्यांच्याशी फार गोड वागायचे. त्या सगळ्यांना नमस्कार करायच्या.

माझं लग्न झालं. आईनंतर धक्क्यावरची तिची जागा मला मिळाली. हेनेके म्हातारा झाला, त्याचा मुलगा मुकादम झाला, झाकणांवरची नावं तो वाचायला लागला. मला जी अक्षरं येत होती त्यांच्यापुरतं मी पाहायची आणि बोलायची. पण गल्लीत नवी माणसं आली होती, नवी नावं आली होती. त्यांच्यातली काही अक्षरं मला माहीतच नव्हती. मुकादमाने नाव वाचलं की धक्क्यावरच्या बायका माझ्याकडे पाहायच्या आणि मी झाकणाकडे बघत राहायची.

एकदा मी असलं एक झाकण शालीखाली दडवून नदीवर गेले. बाई दगडावर चादर घासत होत्या. आसपास कोणी नव्हतं. मी झाकण त्यांच्यासमोर धरलं आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

"बाई, एवढंच सांगा. हे कोणतं?"

त्यांनी पाहिलं. त्यांच्या डोळ्यांनी ते अक्षर वाचलं, ते मला दिसलं. ओठ जरासे उघडलेही. मग त्या खाली वाकल्या आणि चादर पिळायला लागल्या.

"आबेले, ही चादर धर त्या टोकाला," त्या म्हणाल्या. "एकटीने पिळता येत नाही."

मी झाकण खाली ठेवलं आणि टोक धरलं. आम्ही दोघींनी सगळ्या चादरी पिळल्या. निघताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला राग आला होता, हे मी नाकारत नाही. बरेच दिवस तो गेला नाही.

मग गावची पंचायत आणि चर्च यांच्यात मोठं भांडण झालं. व्यापाऱ्यांना आपल्या मुलांना आपल्या बोलीत लिहिता यायला हवं होतं, लॅटिन गाऊन माल विकला जात नव्हता. भांडण लांबून लांबून शेवटी पंचायतीच्या बाजूने निकाल लागला. लिहायच्या शाळा काढायला परवानगी मिळाली, मुलग्यांसाठी. तेव्हा पंचांपैकी एकाच्या बायकोच्या मनात आलं की मुलींचीही एक काढावी. तिने बाईंबद्दल ऐकलं होतं. फादर एकबर्ट वारले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण फादरांना घेऊन ती आमच्या गल्लीत आली. मी त्या वेळी बाईंकडेच होते, त्यांना सांधेदुखीने उठता येत नव्हतं म्हणून.

नव्या फादरांनी नीट समजावून सांगितलं. शपथ चर्चने घातली होती, चर्च ती सोडवू शकतं. एक कागद, एक प्रार्थना, झालं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शपथ सुटली, तर तिच्या बदल्यात मिळालं त्याचं काय?"

"काय मिळालं?" पंचाच्या बायकोने विचारलं.

"माझी लेक भिंतीच्या आत आहे."

फादर म्हणाले, "तिला कोण हात लावणार? ते प्रकरण कधीच मिटलं."

"तुम्ही नाही लावणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही भले दिसता. तुमच्या जागी उद्या कोण येईल ते तुम्हाला ठाऊक आहे का? तो म्हणेल, या बाईने शपथ मोडली होती. मग तो तिला उकरून गुरांच्यात टाकेल. मी तेव्हा नसेन."

फादरांनी पुन्हा सांगून पाहिलं. पंचाच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने बाईंचे हात हातात घेतले. बाईंनी ते तिला धरू दिले. पण नाही म्हणाल्या ते नाहीच. ती पुन्हा आली नाही. तिने स्वतःच्या मुलींना ल्यूबेकहून एक शिकवणारी आणवली आणि घरातच शिकवलं. आमच्या गल्लीतल्या मुलींची शाळा झाली नाही, अजूनही नाही. गल्लीतले मुलगे मात्र जातात. माझा नातूही जातो.

बाई त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटचे दिवस ताप होता, मी आणि माझी सून आळीपाळीने बसायचो. एका सकाळी त्यांचे ओठ हलताना दिसले. मी घाईने कान जवळ नेला. खरं सांगते, मला वाटलं, आता तरी त्या अक्षरं म्हणत असतील. त्या कपडे मोजत होत्या. चादरी इतक्या, सदरे इतके, मठाचे रुमाल इतके, आणि एक कमी पडतोय म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "बाई, सगळे आहेत. मी मोजलेत."

"नक्की?"

"नक्की."

मग त्या थांबल्या. दुपारी तरुण फादर तेल घेऊन आले, सगळं रीतसर झालं. टालेकेशेजारी जागा नव्हती, त्याच भिंतीलगत थोडं पुढे मिळाली. आमच्यासारख्यांच्या थडग्यांवर दगड नसतो, नावही नसतं. बर्फ पडत होता, फावडंवाल्याने घाई केली, आणि आम्ही सगळ्या धक्क्यावर परत गेलो, कारण त्या दिवशी जहाज भरायचं होतं.